मायनर आहे म्हणून रक्त कमी? आधी फेरिटिन बघा

रिपोर्टवर ‘थॅलेसेमिया मायनर’, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा वाहक, असा शेरा एकदा पडला की पुढे दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि त्या थांबतच नाहीत, कारण हिमोग्लोबिन काही केल्या साडेदहाच्या वर चढत नाही. नाहीतर पुढची वीस वर्षं धाप लागो, पाळीत अंगावरून जास्त जावो, चक्कर येवो, सगळ्याला उत्तर एकच: ‘तुम्ही मायनर ना, मग कमीच असणार.’ पहिल्यात नको असलेलं लोह पोटात जातं, दुसऱ्यात खरी कमतरता तशीच राहते. मायनरपणामुळे रक्त कमी असतं हे खरं. पण किती कमी, ते ठरलेलं असतं. त्याच्या खाली गेलं तर कारण दुसरं शोधायचं.

तर किती? बीटा थॅलेसेमियाचा वाहक म्हणजे मायनर. बायकांत हिमोग्लोबिन साधारण साडेनऊ ते बारा, पुरुषांत अकरा ते तेरा-साडेतेरा. प्रत्येक माणसाचा ह्या पट्ट्यातला आपला असा एक आकडा असतो आणि ताप नाही, गरोदरपण नाही, रक्तस्राव नाही अशा वेळी तो वर्षानुवर्षं जवळजवळ तिथेच असतो. वाहकाने पाठ करावा असा हा एकच आकडा. कुणाचा १०.८ असेल, कुणाचा १२.१. नेहमी १०.८ असलेल्या बाईचं ८.९ झालं तर ते मायनरमुळे नाही, हे सांगायला मोठा तज्ज्ञ लागत नाही. जुना रिपोर्ट हाताशी लागतो, आणि नेमका तोच गणपतीला गावी येताना मुंबईच्या खोलीत राहिलेला असतो. फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.

कमी का, तेही थोडक्यात. मोठ्या माणसाच्या रक्तातलं मुख्य हिमोग्लोबिन दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांचं. बीटाचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर, एक आईकडून, एक वडिलांकडून. वाहकात त्यातलं एक नीट चालत नाही. बीटा कमी पडतं, पेशीत हिमोग्लोबिन कमी भरतं, म्हणून पेशी लहान आणि फिकट होते. जास्तीच्या अल्फा साखळ्यांमुळे काही पेशी अस्थिमज्जेतच मरतात. शरीर त्याची भरपाई पेशींची संख्या वाढवून करतं. लोह कमी पडल्यावरही पेशी लहान आणि फिकटच होतात, पण तिथे कच्चा मालच नसल्याने संख्या वाढत नाही. दोघांतला हा फरक साध्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) दिसतो आणि तरी बहुतेक वेळा कुणी बघत नाही, कारण सगळ्यांचे डोळे पहिल्या ओळीतल्या हिमोग्लोबिनवर.

दोन रिपोर्ट शेजारी ठेवून बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. पहिला: हिमोग्लोबिन १०.४, तांबड्या पेशी ५६.२ लाख (रिपोर्टवर ५.६२ असं छापतात), एमसीव्ही (पेशीचा सरासरी आकार) ६१, एमसीएच (एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) १८.५, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) १५. दुसरा: हिमोग्लोबिन तेच १०.४, तांबड्या पेशी ४.४०, एमसीव्ही ७४, एमसीएच २३.६, आरडीडब्ल्यू १८.५. पहिल्यात रक्त ‘कमी’ असूनही पेशींची संख्या धडधाकट माणसापेक्षा जास्त आहे आणि पेशी फारच लहान आहेत. एमसीव्हीला पेशींच्या आकड्याने भागा: ६१ भागिले ५.६२ म्हणजे १०.९. दुसऱ्यात ७४ भागिले ४.४० म्हणजे १६.८. ह्याला मेंट्झर निर्देशांक म्हणतात. तेराच्या खाली आला तर मायनरचा संशय, वर आला तर लोहाच्या कमतरतेचा. कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये असतोच, दहा सेकंदांचं काम. पण हा फक्त संशय. ह्याच्या जोरावर निदान लिहून मोकळं होऊ नये, आणि ‘तेराच्या वर आहे, म्हणजे वाहक नाही’ असं तर मुळीच म्हणू नये.

खरी गंमत तिसऱ्या रिपोर्टात. हिमोग्लोबिन ८.६, पेशी ४.९०, एमसीव्ही ५८, आरडीडब्ल्यू २०. निर्देशांक ११.८, म्हणजे मायनर. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी चाचणी) केली, तीही मायनर. फाइल बंद! पण मायनर एकट्याने सहसा इतकं खाली नेत नाही, आणि आरडीडब्ल्यू वीस म्हणजे पेशींच्या आकारात नेहमीपेक्षा जास्त भेसळ आहे. अशा बाईचं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा सांगणारा आकडा, तपासलं तर ते सहा-सात निघण्याची शक्यता बरीच. ती मायनरही आहे आणि तिला लोहही कमी आहे. तिला गोळ्या द्यायलाच हव्यात. मायनरला लोह चालत नाही, असं ऐकून तिच्या गोळ्या बंद केल्या तर तिचं नुकसानच. ‘मायनरला लोह वर्ज्य’ हे वाक्य इतकं पसरलंय की ते कुणी पसरवलं ते एकदा शोधायला हवं. वर्ज्य आहे ते गरज नसताना दिलेलं लोह.

फेरिटिन म्हणजे लोहाची कोठार-नोंद. ते १५ च्या खाली असेल तर कोठार रिकामं, ह्यात वाद नाही. ३० च्या खाली असलं तरी बहुतेक डॉक्टर कमतरता धरून उपचार करतात, गरोदरपणात तर नक्कीच. लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल १० पासून’ छापलेलं असतं, त्याच्या भरवशावर राहू नका. एक अडचण मात्र आहे. ताप, संसर्ग, सांध्यांची सूज, यकृताचा त्रास असताना फेरिटिन खोटं चढतं. पावसाळ्यात आपल्याकडे मलेरिया, लेप्टो, डेंग्यू चालूच असतात. तापातून उठल्यावर आठवड्याभरात केलेलं ८० फेरिटिन बघून ‘लोह भरपूर आहे’ म्हणणं धोक्याचं. दोन-तीन आठवडे थांबून करा, किंवा सोबत सीआरपी (शरीरात सूज-संसर्ग आहे का ते सांगणारी तपासणी) करून घ्या. सीआरपी वाढलेलं असेल तर फेरिटिनच्या आकड्यावर विश्वास कमी.

फेरिटिन चांगलं असताना गोळ्या चालू ठेवल्या तर काय बिघडतं? हिमोग्लोबिन वाढत नाही, कारण अडचण बीटा साखळीची आहे, लोहाची नाही. पोट मात्र बिघडतं, शौच काळी आणि घट्ट होते. आणि शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकायची वाटच नाही. रोज कातडी-आतड्यांच्या पेशी झडतात त्यातून एक-दोन मिलिग्रॅम जातं, तेवढंच. गोळीच्या बाबतीत आतडं थोडाफार लगाम घालतं. शिरेतून दिलेल्या लोहाला तो लगाम नाही, सगळंच्या सगळं आत. म्हणून वाहकाला फेरिटिन न बघता शिरेतून लोह देणं ही सर्वांत टाळण्याजोगी चूक. पुरुष वाहक असेल, पाळी नाही, बाळंतपण नाही, आणि पाच वर्षं ‘रक्ताची गोळी’ चालू असेल, तर त्याने उद्याच फेरिटिन करून घ्यावं.

कमतरता सिद्ध झाली तर मात्र गोळी नीट घ्या. साठ ते शंभर मिलिग्रॅम मूळ लोह, एका वेळी, रिकाम्या पोटी किंवा लिंबूपाण्यासोबत. पाकिटावरचा मोठा आकडा क्षाराचा असतो, फेरस सल्फेट किंवा फ्युमरेट २०० म्हणजे मूळ लोह सुमारे ६५, हे बघून घ्या. मळमळ होत असेल तर एक दिवसाआड घ्या. एक गोळी घेतल्यावर हेपसिडिन नावाचं संप्रेरक साधारण दिवसभर चढलेलं राहतं आणि पुढच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं, त्यामुळे दिवसाआड घेऊन फारसं नुकसान होत नाही. चहा गोळीच्या आधी-नंतर तासभर नको. दूध आणि कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको. सरकारी दवाखान्यातून दोन्ही पाकिटं एकत्र मिळतात आणि एकत्रच गिळली जातात. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन एक ग्रॅमने तरी चढायला हवं. वाहकाचं ते आपल्या नेहमीच्या आकड्यापर्यंत चढतं आणि थांबतं. थांबणं म्हणजे औषध लागू पडलं नाही असं नव्हे. तिथून साठा भरायला आणखी दोन-तीन महिने, मग फेरिटिन बघून बंद. १०.८ वाल्या बाईला १२ करून दाखवायच्या नादात डोस दुप्पट करू नये.

गोळी चालू असताना लोह गळतंय कुठून, तेही बघायचं. मायनर असो वा नसो, आपल्या कोकण पट्ट्यातली कारणं तीच. पाळीचा जास्त रक्तस्राव हे पहिलं, आणि तेच सांगायला बायका सर्वांत जास्त संकोचतात. मूळव्याध. पाठोपाठची बाळंतपणं. आणि हूकवर्म: ओल्या मातीत अनवाणी वावरताना तो पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात बसून रोज थोडं रक्त पितो. भातलावणीच्या शेतात चपला घालून कोण उभं राहणार? म्हणून अल्बेंडॅझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, गरोदर बाईला पहिले तीन महिने सोडून, डॉक्टरांना विचारून. पूर्ण शाकाहारी घरात बी-१२ बघा. बी-१२ कमी असेल तर पेशी मोठ्या होतात, मायनरमध्ये लहान. दोन्ही एकत्र आले की एमसीव्ही मधेच कुठेतरी ८० च्या आसपास येतो आणि वाहक सुटून जातो.

खाण्याचं फार काही सांगण्यासारखं नाही. बिटाचा रस लाल असतो, एवढंच त्याचं कर्तृत्व. आपल्याकडे तिसऱ्या (शिंपल्या) आहेत, बांगडा-तारली आहे, कलेजी आहे. ह्यातलं लोह भाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषलं जातं. फक्त तिसऱ्या बरेच दिवस शिजवून ठेवलेल्या नकोत आणि खाडीच्या घाण पाण्यातल्या तर नकोतच. कुळीथ, नाचणी, टाकळा, शेवग्याचा पाला चांगलाच, पण त्यावर लिंबू पिळा आणि जेवल्या जेवल्या चहाचा कप नको. फेरिटिन व्यवस्थित असलेल्या वाहकाला ह्यातलं काहीही वर्ज्य नाही. मासे बंद केलेला मायनरवाला भेटला की वाईट वाटतं.

सिकलचं (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) वेगळं आहे आणि त्याची गल्लत फार होते. पालघर-ठाण्याच्या आदिवासी पाड्यांत सिकलचे वाहक आढळतात, रायगडच्या कातकरी वाड्यांतही तपासण्या होतात. सिकलच्या वाहकाचं हिमोग्लोबिन वाहकपणामुळे कमी होत नाही. पुन्हा वाचा. वाहकाच्या कार्डावर ‘सिकल वाहक’ लिहिलंय आणि हिमोग्लोबिन ९ आहे, तर त्या नऊचं कारण लोह, कृमी, मलेरिया, कुपोषण ह्यांत शोधायचं, किंवा सिकलसोबत बीटा थॅलेसेमियाही आहे का ते बघायचं. ते दोन्ही एकत्र असले तर ती व्यक्ती वाहक नसून रुग्ण आहे. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत लाखोंनी तपासण्या होताहेत, कार्डं वाटली जाताहेत. ते कार्ड म्हणजे रक्त कमी असण्याचा परवाना नव्हे.

आता नमुना. निम्म्या चुका सुई बाहेर निघाल्यावर होतात.

शिबिरात थॅलेसेमियाचे वाहक हुडकायला नेस्ट्रॉफ्ट करतात, ती चाचणी स्वस्त आणि कुठेही होण्यासारखी. एका नळीत ०.३६ टक्क्यांचं बफर केलेलं मिठाचं पाणी २ मिलिलिटर, दुसरीत तेवढंच डिस्टिल्ड वॉटर. दोन्हींत २० मायक्रोलिटर रक्त. अर्धा तास हलवायचं नाही. मग एकदा उलटसुलट करून मागे पांढऱ्या कागदावरची जाड काळी रेघ धरायची. डिस्टिल्ड वॉटरमधून रेघ स्वच्छ दिसते, कारण सगळ्या पेशी फुटलेल्या असतात. मिठाच्या नळीतूनही स्वच्छ दिसली तर चाचणी निगेटिव्ह. गढूळ राहिली, रेघ दिसली नाही, तर पॉझिटिव्ह: वाहकाच्या पेशी त्या पातळ पाण्यात पटकन फुटत नाहीत. लोह कमी असलेल्यांतही ती पॉझिटिव्ह येते, म्हणून ह्यावर थांबायचं नसतं. आणि मिठाचं पाणी जुनं झालं, बाटली उघडी राहिली, की चाचणी बिघडते. रोज सकाळी एक माहीत असलेला नॉर्मल नमुना लावून मगच सुरुवात करावी.

जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये खुणेपर्यंत रक्त घ्यायचं आणि लगेच आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करायचं. जोरात हलवलं तर पेशी फुटतात, नाही हलवलं तर गुठळी. मग प्रवास. गुहागर किंवा मंडणगडच्या आतल्या गावातून नमुना चिपळूण-रत्नागिरीला, तिथून एचपीएलसीसाठी कोल्हापूर किंवा मुंबईला. मे महिन्यात मोटरसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या नमुन्यात पेशी फुगतात आणि एमसीव्ही खरा ७१ असला तरी मशिन त्याहून जास्त दाखवतं. वाहक ‘नॉर्मल’ ठरतो. म्हणून सीबीसी त्याच दिवशी जवळच करून घ्यावी आणि एचपीएलसीचा नमुना २ ते ८ अंशांत थंड ठेवून पाठवावा. बर्फाची पिशवी ट्यूबला चिकटून नको, मधे कापूस किंवा वर्तमानपत्र हवं; रक्त गोठलं की संपलं.

एचपीएलसीत बघायचं ते ए-टू हिमोग्लोबिन, एरवी थोडंच असणारा एक प्रकार. साडेतीन टक्क्यांच्या वर आणि लहान पेशी म्हणजे बीटा वाहक. बहुतेकांचं चार ते सहाच्या दरम्यान येतं. ३.३ ते ३.८ ही मात्र चिकट जागा, तिथे लगेच हो किंवा नाही म्हणता येत नाही. लोह फार कमी असलं की ए-टू खाली ओढलं जातं आणि खरा वाहक ह्या चिकट जागेत येऊन बसतो. अशा वेळी तीन महिने लोह देऊन परत करायची. पण बाई गरोदर असेल तर तीन महिने थांबायला वेळ नसतो, तेव्हा नवऱ्याची तपासणी लगेच आणि गरज पडली तर थेट जनुकीय चाचणी. रक्त चढवून झालं असेल तर तीन-चार महिने एचपीएलसीला अर्थ नाही, दुसऱ्याचं रक्त मोजाल. आणि ए-टू नॉर्मल, फेरिटिन नॉर्मल, तरीही एमसीव्ही ७२? मग अल्फा थॅलेसेमियाची वाहकता असू शकते. ती एचपीएलसीत दिसत नाही.

गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे वाहक बाईचं हिमोग्लोबिन मधल्या तिमाहीत आणखी एखाद-दीड ग्रॅमने उतरतं. १०.५ वालीचं ९.२ होणं अपेक्षितच. प्रतिबंधाची रोजची लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, तिने घ्यायला हरकत नाही. त्यापुढचं लोह, विशेषतः शिरेतून, फेरिटिन बघूनच. फॉलिक ॲसिड मात्र वाहक बाईला ५ मिलिग्रॅमचं देतात, शक्यतो गरोदर राहण्याच्या आधीपासून. तिला पेशी जास्त बनवायच्या असतात आणि त्यात फॉलेट खर्च होतं. हिमोग्लोबिन आठच्या खाली चाललं तर मायनर-मायनर म्हणत बसू नका, बाळंतपण कुठे करायचं ते आधी ठरवा. गावाजवळच्या दवाखान्यात रक्ताची सोय नसेल, तर कळा सुरू झाल्यावर गाडी शोधण्यात अर्थ नाही.

आणि नवरा. बाई वाहक निघाली की त्याच आठवड्यात त्याची सीबीसी आणि एचपीएलसी. तो मुंबईला असो, आखातात असो, बोटीवर असो, जिथे आहे तिथे नमुना देऊ शकतो. सुट्टीवर येईपर्यंत थांबायचं कारण नाही. ‘आमच्यात नाही हो हे, हा सिंधी-पंजाब्यांचा आजार’ हे उत्तर ठरलेलं. त्या समाजांत प्रमाण जास्त आहे खरं, पण देशभरात सरासरी शंभरांत तीन-चार वाहक आहेत आणि मराठी माणसं त्यातून वगळलेली नाहीत. नात्यात लग्न असेल तर शक्यता आणखी वाढते. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर, म्हणजे दोन्ही जनुकं सदोष असलेला खरा रुग्ण, होण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल चांगलं झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही. नवरा सिकलचा किंवा ई हिमोग्लोबिनचा (बीटा साखळीचाच आणखी एक दोष) वाहक असला तरी धोका आहेच, म्हणून त्याची फक्त ‘थॅलेसेमियाची’ नाही, पूर्ण एचपीएलसी वाचून घ्यायची.

गर्भाची तपासणी वारेच्या नमुन्यावरून अकराव्या ते तेराव्या आठवड्यात होते, गर्भजलावरून सोळाव्याच्या आसपास. त्याच्या आधी आईवडिलांच्या जनुकातला नेमका दोष सापडलेला हवा, आणि त्याला दिवस लागतात. भारतात पाच-सहा ठरावीक दोषांतच बहुतेक वाहक येतात, त्यामुळे हे काम अशक्य नाही. परळला केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, तिथे हे काम अनेक वर्षं चाललंय. पण बाराव्या आठवड्यात नाव नोंदवून, चौदाव्यात रिपोर्ट बघून, सोळाव्यात परळ गाठायचं म्हणजे सगळं घाईघाईत. पाळी चुकल्याबरोबर आशाताईंकडे नाव घाला आणि पहिल्याच रक्ततपासणीत एमसीव्हीची ओळ वाचायला सांगा.

एक वाहक सापडला की भावंडं, आईवडील, काका-मावश्यांची मुलं ह्यांची एकेक सीबीसी व्हायला हवी. लग्न ठरायच्या आधी झाली तर उत्तमच. तान्ह्या बाळाची मात्र घाई नको. वर्षाच्या आत बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन बरंच असतं आणि ए-टू पुरेसं चढलेलं नसतं, त्यामुळे तेव्हाची एचपीएलसी वाहकपण सांगत नाही. वर्ष-दीड वर्षाचं झालं की करा. आईवडील दोघंही वाहक असतील तर मात्र थांबू नका: मेजर बाळ सहाव्या महिन्याच्या आसपासच फिकट पडायला लागतं, आणि तेव्हा त्याला बालरोगतज्ज्ञाकडेच न्यायचं.